इको रिपोर्टमधलं ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात फिजिशियन आहे, त्यामुळे टू-डी इकोच्या (म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टचे फोटो फोनवर येतच असतात, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये हेल्थ चेकअपचे कॅम्प लागले की जरा जास्तच. बहुतेकांचा प्रश्न एकाच ओळीबद्दल असतो, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतेय. तुमच्या डॉक्टरांनी तपासून काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, त्यांनी तुम्हाला बघितलंय, मी नाही.

मॅडम, रिपोर्टमध्ये ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ आलंय. अटॅक येणार का?

या ओळीवरून तसं काही म्हणता येत नाही. अटॅक येतो तो हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी अचानक बंद पडल्यामुळे. ही ओळ वेगळंच सांगतेय, की डावा खालचा कप्पा, म्हणजे शाळेत शिकलो ते डावं निलय आणि रिपोर्टमधलं एलव्ही, दोन ठोक्यांच्या मधे जितक्या पटकन सैल पडायला हवा तितका पडत नाहीये. नळ्यांमध्ये ब्लॉक आहे की नाही हे साध्या इकोत थेट दिसत नाही, त्यामुळे ‘इको नॉर्मल, म्हणजे ब्लॉक नाही’ हेही चूक आणि ‘ग्रेड वन, म्हणजे ब्लॉक आहेच’ हेही चूक.

दोन ठोक्यांच्या मधे नक्की होतं तरी काय?

नाडी ७५ असेल तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यातले साधारण ०.३ सेकंद एलव्ही आवळून रक्त महाधमनीत ढकलण्यात जातात आणि उरलेले ०.५ सेकंद सैल होऊन परत भरण्यात, म्हणजे आपल्याला वाटतं हृदय सारखं पंपच करतंय पण त्याचा जास्त वेळ भरण्यातच जातो.

क्रम असा असतो. आधी महाधमनीची झडप बंद होते. त्यानंतर एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळ असा असतो की येणारी आणि जाणारी अशा दोन्ही झडपा बंद आहेत, रक्त आत येत नाही की बाहेर जात नाही, फक्त आतलं प्रेशर झपकन खाली येतंय. ते वरच्या डाव्या कप्प्यातल्या प्रेशरच्याही खाली गेलं की दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप उघडते आणि रक्त जोरात आत शिरतं, तरुण निरोगी हृदयात भरण्याचं बहुतेक काम इथेच उरकतं. मग थोडा निवांत काळ, रक्त सावकाश येत राहतं, आणि अगदी शेवटी वरचा कप्पा आवळून राहिलेलं रक्त खाली ढकलतो. नॉर्मल हृदयात या शेवटच्या ढकलण्याचा वाटा २० ते ३० टक्के असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि एक, एलव्हीच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं तेही मुख्यतः याच वेळात, कारण आवळलेला स्नायू आपल्याच आतल्या नळ्या दाबून धरतो.

सैल पडणं म्हणजे आरामच की, त्यात बिघडण्यासारखं काय आहे?

इथेच सगळ्यांची गल्लत होते आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. सैल पडायलाही एनर्जी खर्च होते.

स्नायूची पेशी आवळते ती कॅल्शियममुळे. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम सुटतं, आवळणारी प्रोटीन्स एकमेकांना पकडतात. आता ती पकड सुटायची तर ते कॅल्शियम परत काढून घ्यायला हवं, आणि ते आपोआप जात नाही, पेशीच्या आतल्या साठ्यात त्याला उपसून परत नेणारे पंप असतात, त्या पंपाचं नाव सर्का, आणि तो चालतो एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर. वर प्रोटीन्सची पकड सुटायलाही एटीपीच लागतं. म्हणून स्नायूला रक्त कमी पडायला लागलं की आवळण्याची ताकद कमी होण्याच्या आधी सैल पडणं बिघडतं. मेल्यानंतर शरीर ताठ होतं त्याचंही कारण हेच, एटीपी संपलं की पकड सुटतच नाही.

दुसरी गोष्ट टायटिन नावाच्या प्रोटीनची. माणसाच्या शरीरातलं हे सगळ्यात मोठं प्रोटीन. ठोका पडताना ते दाबलं जातं आणि ठोका संपला की उसळून मूळ लांबीवर येतं, त्यामुळे एलव्ही नुसता रक्त येण्याची वाट बघत बसत नाही, रक्त आत ओढून घेतो. वय वाढतं, बीपी वर्षानुवर्षं जास्त राहतं, तेव्हा टायटिन कडक होतं आणि स्नायूच्या मधे मधे तंतूंचं जाळं वाढतं, मग भिंतच कडक होत जाते. तर बिघाड दोन प्रकारचा, एक सैल पडायला उशीर आणि दुसरा पूर्ण सैल पडूनही भिंत ताठ. ग्रेड वन हा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारातच असतो.

पण ईएफ ६० टक्के आहे! डॉक्टर म्हणाले पंपिंग एकदम मस्त. मग बाबांना दम का लागतो?

ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकलं. किती भरलं होतं आणि ते भरताना आत किती प्रेशर होतं, हे ईएफ सांगतच नाही. १२० मिली भरून ७२ फेकलं तरी ६० टक्के, ८० भरून ४८ फेकलं तरी ६० टक्के. कागदावर दोघं सारखेच, जिने चढायला लावा मग फरक बघा.

त्यातही कडक हृदयाचा खरा त्रास प्रेशरचा आहे. बऱ्याच पेशंटमध्ये रक्त भरतं पुरेसं, पण त्यासाठी जास्त प्रेशर लागतं. सकाळची ठाण्याची फास्ट लोकल आठवा, डब्यात आतले लोक सरकत नसतील तर चढणारे प्लॅटफॉर्मवर अडकतात आणि मग गर्दी मागे पुलापर्यंत साचते. इथे प्लॅटफॉर्म म्हणजे डावा वरचा कप्पा आणि पूल म्हणजे फुप्फुसं. एलव्हीत शिरायला अडचण आली की प्रेशर मागे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातं, तिथे पाणी झिरपायला लागतं आणि धाप लागते. बसल्या जागी ठीक वाटतं कारण गरज कमी असते, चालायला लागलं की प्रेशर चढतं. म्हणून बाबा सोफ्यावर एकदम ओके असतात आणि बाजारातून पिशवी घेऊन येताना तीनदा थांबतात, आणि घरचे म्हणतात वय झालं.

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं काम कमी पडून दम आणि सूज येते त्या आजाराच्या, पेशंटपैकी जवळपास निम्म्यांची ईएफ ५० टक्के किंवा त्याच्या वर असते. त्यामुळे ‘ईएफ नॉर्मल, हृदय नॉर्मल’ असं म्हणून दम लागणाऱ्या माणसाला घरी पाठवणं मला अजिबात पटत नाही.

रिपोर्टमधले ई, ए, ई प्राइम हे काय प्रकार आहेत?

इकोमधल्याच डॉप्लर या तंत्राने मायट्रल झडपेतून येणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. सुरुवातीला रक्त जोरात शिरतं त्याची लाट म्हणजे ई, शेवटी वरचा कप्पा ढकलतो ती लाट म्हणजे ए. तरुणपणी ई मोठी आणि ए छोटी. एलव्ही हळू सैल पडायला लागला की सुरुवातीचं ओढून घेणं कमी होतं, ई छोटी होते, आणि राहिलेलं काम वरच्या कप्प्यावर पडतं म्हणून ए मोठी होते. ई बाय ए रेशो ०.८ किंवा त्याच्या खाली आणि ई लाटही छोटी, तर ते ग्रेड वन.

आता गंमत बघा. आजार पुढे सरकला की वरच्या कप्प्यातलं प्रेशर वाढतं, त्या प्रेशरने रक्त परत जोरात आत घुसतं आणि ई परत मोठी दिसते, म्हणजे रेशो पुन्हा एकदम नॉर्मल! हा ग्रेड टू, नुसता रेशो बघणारा इथे फसतो. ग्रेड थ्रीमध्ये रेशो २ किंवा त्याच्या वर जातो. आणि विशीतल्या खेळाडू पोराचाही रेशो २ येऊ शकतो आणि त्याचं हृदय अगदी ठणठणीत असतं. एकटा रेशो वाचून काही ठरवू नका हे त्यामुळेच सांगते.

म्हणून ई प्राइम बघतात. हा रक्ताचा वेग नाही, मायट्रल झडपेजवळची हृदयाची भिंतच किती वेगाने हलते त्याचा वेग. मधल्या पडद्याजवळ सेकंदाला ७ सेंटीमीटरच्या खाली आणि बाहेरच्या भिंतीजवळ १० च्या खाली, तर सैल पडणं मंदावलंय असं धरतात. ई ला ई प्राइमच्या सरासरीने भागून १४ च्या वर आलं तर आत प्रेशर वाढल्याची शंका. शिवाय डावा वरचा कप्पा किती मोठा झालाय ते बघतात, शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात ३४ मिलीच्या वर असेल तर मोठा. मला हा आकडा फार आवडतो, कारण लाटा त्या दिवशीच्या बीपीने आणि नाडीने बदलतात, पण वरचा कप्पा एका दिवसात मोठा होत नाही, तो महिनोन् महिने प्रेशर सोसल्यावर होतो.

आईचं वय ७२. या वयात हे सगळ्यांनाच असतं ना?

बऱ्याच जणांना असतं, हो. वय वाढलं की सैल पडण्याचा वेग कमी होतोच आणि ई पेक्षा ए मोठी होणं हे त्या वयाला धरूनच आहे. बीपी ताब्यात, वरचा कप्पा नॉर्मल साइजचा, दम लागत नाही, पाय सुजत नाहीत, तर त्या ओळीवर झोप उडवू नका. तीच ओळ ४२ वर्षांच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये असेल तर मात्र मी लगेच बीपीचं मशीन काढते.

कशामुळे होतं?

बीपी, बीपी आणि बीपी. त्यानंतर डायबिटीस, पोटावरची चरबी, किडनीचा आजार, हृदयाच्या नळ्यांचा आजार, झोपेत श्वास अडकणं. ऐरोली, महापेच्या आयटी कंपन्यांमधले चाळिशीतले लोक येतात, दिवसभर खुर्ची, रात्री उशिरा जेवण, घोरणं एवढं की बायको दुसऱ्या खोलीत झोपते, आणि बीपी शेवटचं कधी मोजलं ते आठवत नाही. बीपी जास्त असलं की एलव्हीला जास्त जोर लावावा लागतो, भिंत जाड होते, आणि जाड भिंत सैल पडायला वेळ घेते. थोडे पेशंट वेगळे असतात, जसं अमायलॉयडोसिस, यात स्नायूत एक नको ते प्रोटीन साचतं. इकोत भिंती जाड पण ईसीजीत लहरी छोट्या, आणि आधी दोन्ही हातांच्या मनगटांचं कार्पल टनेलचं ऑपरेशन झालेलं, असं एकत्र दिसलं तर त्या दिशेने बघावं लागतं.

स्टेशनचा पूल चढताना दम लागतो. वय म्हणायचं की हार्ट?

मागच्या वर्षी तोच पूल तुम्ही कसा चढत होता? एवढ्या एका प्रश्नातून खूप कळतं. हळूहळू वाढत गेलेला दम माणूस स्वतःपासूनच लपवतो, आधी सरकता जिना शोधतो, मग रिक्षा करतो आणि म्हणतो मला काही त्रास नाही.

दम लागायची कारणं अनेक. हिमोग्लोबिन कमी असणं (बायकांमध्ये हे फार, आणि फार दुर्लक्षित), थायरॉईड, दमा, सिगारेटने खराब झालेली फुप्फुसं, वजन, नळ्यांमधला ब्लॉक. पण आडवं झोपल्यावर धाप लागते म्हणून उशा वाढल्या, रात्री झोपेतून गुदमरून उठावं लागलं, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, असं काही असेल तर डॉक्टरकडे लवकर जा. बसल्या जागी दम, छातीत दाब, ओठ निळसर, घाम फुटलाय, तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, मला रिपोर्ट पाठवत बसू नका.

नाडी वाढली की त्रास जास्त का होतो?

कारण नाडी वाढली की कट बसतो तो भरण्याच्या वेळेला. नाडी १५० ला अख्ख्या ठोक्याला ०.४ सेकंदच मिळतात, आवळण्याचा वेळ त्या मानाने कमी होत नाही, म्हणून भरायला ०.२ सेकंदही उरत नाहीत. ज्याला सैल पडायलाच वेळ लागतो त्याची यात पंचाईत होते. त्यात एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) झालं, म्हणजे वरचा कप्पा आवळायचा सोडून नुसता थरथरायला लागला, तर ते शेवटचं ढकलणं गेलं, आणि कडक हृदय तर त्याच्यावरच जास्त अवलंबून असतं. कालपर्यंत बरा असलेला माणूस एएफ सुरू झाल्यावर एका रात्रीत ॲडमिट होतो तो यामुळे.

मग गोळ्या देऊन नाडी एकदम ५० वर आणायची का? तसंही नाही. कडक एलव्ही दर ठोक्याला जास्त रक्त फेकू शकत नाही, त्यामुळे चालताना त्याला नाडी वाढवूनच भागवावं लागतं, ती दाबून टाकली तर काही जण उलट जास्त थकतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी कमी करणारी गोळी, कशासाठी चालू आहे हे डॉक्टरांना जरूर विचारा, पण मनाने बंद करू नका.

यावर गोळी आहे का?

नुसत्या ग्रेड वनला, त्रास काही नसताना, वेगळी गोळी नाही. बीपी, शुगर, वजन, झोप हीच ट्रीटमेंट. कुणी फक्त त्या ओळीसाठी ‘हार्ट टॉनिक’ लिहून देत असेल तर पैसे वाचवा.

हार्ट फेल्युअर झालंय, म्हणजे दम, सूज, प्रेशर वाढलेलं, तर चित्र वेगळं आहे आणि गेल्या काही वर्षांत खूप बदललंय. आधी नॉर्मल ईएफवाल्यांसाठी लघवीची गोळी सोडून ठोस असं फार काही नव्हतं. मग २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनची आणि २०२२ मध्ये डापाग्लिफ्लोझिनची मोठी ट्रायल आली, दोन्ही मूळच्या शुगरच्या गोळ्या, पण शुगर नसलेल्यांमध्येही हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट व्हायचं प्रमाण कमी झालं. आयुष्य वाढवण्याचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे डापाचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाचं मार्च २०२५ मध्ये संपलं, त्यामुळे दोन्ही आता खूप स्वस्त मिळतात. २०२३ मध्ये लठ्ठ पेशंटमध्ये सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने दम आणि चालण्याची क्षमता सुधारल्याचं दिसलं, २०२४ मध्ये फिनेरेनोनचा फायदा दिसला.

डापा, एम्पा घेणाऱ्यांना एक सांगून ठेवते, लघवीच्या जागी खाज आली तर लाजू नका, ते फंगल इन्फेक्शन असतं आणि बरं होतं. आणि नवरात्राचे कडक उपवास, उलट्या-जुलाब, जेवण पूर्ण बंद, अशा वेळी गोळी थांबवायची का ते डॉक्टरांना फोन करून विचारा, कारण शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात किटोन वाढू शकतात.

चालल्याने हृदय परत सैल होतं का?

२०१८ मध्ये अमेरिकेत डॅलसला झालेला एक अभ्यास आहे. ४५ ते ६४ वयाचे, व्यायाम न करणारे पण निरोगी लोक घेतले आणि त्यांना दोन वर्षं आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम करायला लावला, त्यात मधे मधे चांगला दम लागेल असा जोराचा व्यायामही होता. दोन वर्षांनी त्यांच्या एलव्हीचा ताठपणा खरोखर कमी झाला होता. त्याच गटाने आधी ६५ च्या पुढच्यांना वर्षभर व्यायाम करायला लावला होता तेव्हा दम सुधारला, पण कडकपणा फारसा हलला नाही. अर्थ सरळ आहे, चाळिशी-पन्नाशीत सुरू करा. पण ६५ च्या पुढच्यांनो, तुमचंही चालणं वाया जात नाही, हृदय कडक राहिलं तरी पायांचे स्नायू सुधारतात आणि त्याच प्रेशरमध्ये जास्त चालता येतं.

उपवनला किंवा वाशीच्या सागर विहारला गप्पा मारत एक फेरी आणि नंतर वडापाव, हा व्यायाम नाही हे तुम्हालाही माहितीये. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतका वेग ठेवा. खारघरची टेकडी किंवा येऊर चढायचं असेल आणि आधीच दम लागत असेल तर आधी तपासून घ्या.

मीठ किती? सैंधव चालतं ना?

दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं, लोणचं, पापड, फरसाण, मिसळीवरचा कट, बिस्किटंसुद्धा. सैंधवातही सोडियमच असतं, रंग गुलाबी आहे म्हणून हृदयाला फरक पडत नाही. लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, किडनी कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल तर ते न विचारता आणू नका.

पाणी कमी प्यायचं का?

ग्रेड वन आणि त्रास काही नाही, तर अजिबात नाही.

दर सहा महिन्यांनी इको करू का?

काही बदललं नसेल तर गरज नाही. त्याच पैशात घरी दंडाला बांधायचं बीपी मशीन घ्या आणि वापरा. नवीन दम, नवीन सूज, धडधड असेल तर मात्र इको परत करावा लागतो, आणि आराम करताना केलेल्या इकोत काही सापडत नसेल पण चालताना दम नक्की लागत असेल तर व्यायाम करवून इको किंवा रक्तात एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की वाढणारा घटक, बघतात. एक लक्षात घ्या, जाड माणसात हा एनटी-प्रोबीएनपी कमी येतो, त्यामुळे नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं होत नाही.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, इकोत ग्रेड वन आलंय. ऑपरेशन रद्द करायचं का?

फक्त त्यासाठी नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट नीट दाखवा, आडवं झोपल्यावर धाप लागते का, किती जिने चढता येतात हे खरं खरं सांगा, कारण कडक हृदयाला सलाईन भराभर चढवलेलं सोसत नाही आणि नाडी फार वाढलेलीही सोसत नाही, आणि हे आधी माहीत असलं की ते दोन्ही सांभाळतात. बीपीच्या कुठल्या गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या आणि कुठल्या नाही ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. डापा किंवा एम्पा चालू असेल तर ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात, आणि हे विचारायचं राहून गेल्यामुळे तारीख पुढे ढकलावी लागते, तेव्हा ॲडमिट व्हायच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधीच फोन करा.